पुतळा उभा कुठं करायचा? ड्वार्फ फोर्ट्रेस या कॉम्प्युटर गेममध्ये नवीन आलेल्यांसाठी

माझ्या पहिल्या धड किल्ल्यात (त्याआधीचे चार बुडाले, ते मी मोजत नाही) मी गेटात दोन पुतळे उभे केले होते. तीन टाइल (टाइल म्हणजे गेमच्या नकाशावरचा एक चौकोन) रुंद रस्ता, डाव्या कडेला एक, उजव्या कडेला एक, मधनं जायला वाट. गणपती मंडळाची कमान असते ना, अगदी तसं दिसत होतं आणि मी खूश होऊन स्क्रीनशॉट पण काढून ठेवला. मग शरद ऋतूत आपल्याच राज्याचा व्यापारी तांडा आला, आणि वर मेसेज काय तर किल्ल्यापर्यंत वाट नाही म्हणून गाड्या परस्पर निघून गेल्या. पाठीवर ओझं लादलेली चार जनावरं तेवढी आत आली, त्यांच्याकडं काय असणार, थोडं कापड आणि थोडं चीज. पुढच्या वर्षी परत तेच. मला वाटलं बग आहे. ज्याने मला या गेमच्या नादाला लावलं तो माझा दोस्त कन्नड घरातला, त्याला स्क्रीनशॉट पाठवला तर त्याचा रिप्लाय आला, "साकु बिडो मारायाऽ (म्हणजे पुरे, सोड की बाबा), गेटात कोण उभं हाय बघ की."

तर व्यापाऱ्यांच्या गाडीला तीन टाइल रुंद सलग मोकळी वाट लागते, आणि पुतळा ज्या टाइलवर उभा आहे ती टाइल बंद. गाडीलाच काय, चालणाऱ्या माणसाला पण बंद. माझ्या तीन टाइलच्या रस्त्यात खरी वाट राहिली होती एक टाइलची. मूर्ती उंच आणली आणि गल्लीतली कमान आडवी आली, असला प्रकार.

म्हणून हे लिहायला घेतलं. पुतळा ही या गेममधली सगळ्यात सोपी वस्तू वाटते, धोंडा घ्या, पुतळा करा, ठेवून द्या. पण नवीन लोक एकतर पुतळे करतच नाहीत, किंवा पन्नास करून गोडाऊनमध्ये टाकून ठेवतात आणि मग विचारतात की माझे बुटके (किल्ल्यात राहणारे ड्वार्फ) रडायलेत का.

आधी थोडं गेमबद्दल, ज्यांना माहीत आहे त्यांनी खाली जावा. ड्वार्फ फोर्ट्रेस टार्न आणि झॅक अॅडम्स या दोघा भावांनी बनवलाय, 2006 पासून फुकट डाउनलोडला आहे. चित्रांची, माउसने खेळायची स्टीमवाली आवृत्ती डिसेंबर 2022 मध्ये आली, ती विकत घ्यावी लागते. फुकटवाली अजून पण मिळते, तिच्यात चित्रांऐवजी अक्षरं आणि खुणा दिसतात. मी खाली जी बटणं सांगतोय ती 2022 नंतरच्या आवृत्तीतली. सात बुटके घेऊन डोंगरात उतरायचं, खोदायचं, किल्ला करायचा, आणि कधीतरी तो बुडणार हे मान्य करून खेळायचं, जिंकणं वगैरे प्रकार यात नाहीच.

आता पुतळ्यांकडं. आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दिवाळीला पोरं किल्ला करतात ते आठवा. पोतं, दगड, चिखल, वर मोहरी टाकून हिरवळ, आणि शेवटी बाजारातनं आणलेले मावळे. मावळे कसे ठेवतो आपण? सगळे गल्लीकडं तोंड करून. कारण बघणारा गल्लीत उभा असतो. महाराज सिंहासनावर वर, बाकी सगळे पुढच्या बाजूला, मागच्या बाजूला नुसता चिखल आणि एक फुटका बुरूज.

मी या गेममध्ये नेमकं तेच करत होतो. दर्शनी भागात पुतळे, आत काय नाही. पण इथं बघणारा बाहेर उभा नाही हो. बघणारे सगळे आत राहतात, आतच जेवतात, आतच झोपतात, आणि समोर चांगला पुतळा दिसला की त्यांच्या डोक्यात एक छोटी चांगली भावना जमा होते. किल्ल्याच्या मागच्या अंगाला, जिन्याच्या वळणावर, जेवणघराच्या दारात, जिथनं तोच बुटका दिवसातनं चारवेळा जातो तिथं पुतळा पाहिजे. बाहेरच्या गेटावर पुतळा बघायला येतो तो ट्रोल नावाचा राक्षस, आणि तो बघून परत जात नाही, पाडून जातो. त्याचं पुढं सांगतो.

स्टेप १: दगड आणि वर्कशॉप

कीबोर्डवर बी दाबून वर्कशॉपमध्ये दगडकामाचं वर्कशॉप बांधा, स्टोनवर्कर्स म्हणून आहे. एका धोंड्याचा एक पुतळा होतो. त्याच एका धोंड्याची खुर्ची किंवा टेबल केलं तर मूळ किंमत 10, पुतळ्याची 25. म्हणजे दगड तेवढाच, बसायचा वेळ तेवढाच, आणि मोल अडीचपट. हा एक आकडा लक्षात राहिला तरी निम्मं काम झालं.

खोदकामात जो फालतू दगड सगळीकडं पडलेला असतो तोच वापरा. वाय दाबून लेबरमध्ये गेलात की दगड वापराची एक यादी आहे, तिथं लोखंडाची खनिजं आणि असले कामाचे दगड आधीच राखून ठेवलेले असतात. ती यादी उगाच मोकळी करू नका. एकाने सगळं मोकळं केलं आणि त्याच्या पाथरवटाने मॅग्नेटाइटचे, म्हणजे ज्यातनं लोखंड निघतं त्याचेच, अकरा पुतळे करून ठेवले. दिसायला आणि किमतीला भारी, पण गोब्लिन, म्हणजे धाड घालणारे शत्रू, आले तेव्हा तलवारी करायला खनिज नाही. संगमरवर आणि चुनखडीची किंमत साध्या दगडाच्या दुप्पट धरली जाते, पण स्टीलला तेच लागतात, तेव्हा तुमच्याकडं किती आहे ते बघून ठरवा. थर भरपूर लागला असेल तर खुशाल करा.

स्टेप २: कोण करणार

हे लोक सोडून देतात आणि मग सगळं बिघडतं.

नवीन आवृत्तीत दगडाची कामं वेगवेगळी झालीत. भिंती बांधतो तो गवंडी, ठोकळे पाडणारा वेगळा, भिंतीवर चित्रं कोरणारा वेगळा, आणि पुतळे-फर्निचर करणारा तो स्टोन कार्व्हर, आपल्या भाषेत पाथरवट. तुमच्याकडं असला एक चांगला असेल तर वर्कशॉपवर क्लिक करून वर्कर्सच्या टॅबमध्ये फक्त त्याचंच नाव लावा. नाहीतर काय होतं, तो जेवायला गेला की कोणीतरी शेतकरी रिकामा असतोय, तो येऊन बसतो आणि दगडाची वाट लावतो.

वाट लावतो म्हणजे किती, तर हिशोब बघा. साध्या दर्जाच्या पुतळ्याला 25. जरा बरा झाला की दुप्पट, मग तिप्पट, चौपट, पाचपट, आणि मास्टरवर्क, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा, झाला की एकदम बारापट. साध्या दगडाचा मास्टरवर्क पुतळा म्हणजे 300. त्याच दगडाचा शेतकऱ्याने केलेला 25. एक चांगला पाथरवट बारा अडाण्यांच्या बरोबर, आणि बारा पुतळ्यांची जागा पण वाचते.

मग चांगला पाथरवट कुठनं आणायचा? आणायचा नाही, करायचा. पहिल्या वर्षात खोदकामातनं ढीगभर दगड निघतोच, त्याला एकाला बसवून पुतळेच करायला लावा, वीस-तीस पुतळे झाले की हात बसतो. तेवढ्यात झालेले फालतू पुतळे कैदखान्यात किंवा साध्या थडग्यांच्या खोल्यांत खपवा. व्यापाऱ्याला विकायचं डोक्यात येईल, मी पण केलंय, पण पुतळा जड असतो आणि गाडीची वजन न्यायची मर्यादा असते, त्यापेक्षा दगडाच्या बारीकसारीक कलाकुसरीच्या वस्तू विका आणि पुतळे घरी ठेवा.

काम द्यायला दरवेळी वर्कशॉपवर जाऊन क्लिक करत बसू नका. मॅनेजर नेमा, ओ दाबून वर्क ऑर्डर लावा आणि अट घाला की पुतळे पाचापेक्षा कमी झाले तरच पाच करा. अट न घालता कायम चालू ऑर्डर लावली की काय होतं ते एकदा मी बघितलंय, खोदकामाचा सगळा दगड संपला आणि दरवाजे करायला धोंडा नव्हता.

दगडाशिवाय

धातूचा पुतळा भट्टीवर, लोहाराच्या फोर्जमध्ये होतो, तीन लगडी लागतात. काचेचा काचेच्या भट्टीत. लाकडाचा पुतळा बुटके करत नाहीत, सुताराच्या वर्कशॉपमध्ये शोधत बसू नका, मी गोकाकच्या लाकडी खेळण्यांच्या हिशोबाने बराच वेळ शोधला होता.

मातीचा होतो आणि त्याकडं कोणी बघत नाही याचं मला नवल वाटतं. खानापूरच्या कुंभारकामाची ओळख असलेल्या माणसाला तरी हे सांगायला नको. चिकणमातीचा थर असेल तर माती गोळा करायचा झोन (त्या कामासाठी आखलेली जागा) करा, किल्न म्हणजे भाजायची भट्टी बांधा, जळण द्या. साध्या भाजलेल्या मातीची किंमत साध्या दगडाच्या तिप्पट धरतात, आणि माती कधी संपत नाही. जळण मात्र लागतं, म्हणजे लाकूड तोडून कोळसा, नाहीतर खाली लाव्हा सापडला की फुकट. जिथं दगडाचं टॅलेंट नाही पण कुंभार चांगला आलाय तिथं हाच रस्ता.

सोन्याचं पण सांगतो, कारण सगळे विचारतात. सोन्याला गुणक 30. म्हणजे सोन्याचा मास्टरवर्क पुतळा 25 गुणिले 30 गुणिले 12, नऊ हजार. एका पुतळ्यात. राजाच्या खोलीला जेवढं मोल लागतं ते त्यातच जवळपास भरतं. पण सोनं वजनाला भयंकर, एक बुटका तो पुतळा ओढत ओढत नेतो तोवर ऋतू बदलतो, तेव्हा एकचाकी ढकलगाड्या करून फर्निचरच्या गोडाऊनला लावून ठेवा. आणि हे सोनं हाताळणारा लोहार नवशिका असू नये, तीन लगडी घालवून साधा पुतळा काढला की पोटात कालवतं.

स्टेप ३: पुतळा कुणाचा

काही न सांगता ऑर्डर दिली तर कारागीर त्याच्या मनाने करतो. मनाने म्हणजे अगदी काहीही. माझ्याकडं एका थोर पाथरवटाने मास्टरवर्क संगमरवरी पुतळा केला, मी उत्सुकतेने वर्णन उघडलं, तर कुठल्यातरी दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या एल्फचा पुतळा, त्याला एक गोब्लिन मारतोय. आमच्या किल्ल्याचा दोघांशी काही संबंध नाही. बुटक्यांना फरक पडत नाही म्हणा, ते दर्जा बघतात.

तुम्हाला फरक पडत असेल तर वर्कशॉपच्या यादीत त्या कामापुढं भिंगाची खूण आहे, तिथं क्लिक केलं की कुठल्या दगडाचा ते पण ठरवता येतं आणि चित्र कशाचं ते पण, कोणी ऐतिहासिक माणूस, एखादं ठिकाण, एखादी संघटना. स्टीमच्या आवृत्तीत पुतळ्याचं चित्र पण त्याप्रमाणे बदलतं, ड्रॅगनचा केला तर दगडी ड्रॅगन दिसतो. मी तरी पहिल्या सात जणांचे पुतळे करून जिन्यापाशी ओळीने ठेवतो, त्यातले निम्मे तोवर मेलेले असतात.

एक बारकावा आहे. प्रत्येक बुटक्याच्या आवडीनिवडी असतात. बुटक्यावर क्लिक करून पर्सनॅलिटीमध्ये वाचा, कोणाला एखादा ठराविक दगड आवडतो, कोणाला पुतळा ही वस्तूच आवडते, कोणाला मांजरं आवडतात आणि का तर ती ताठ्यात राहतात म्हणून. आवडीच्या दगडाचा पुतळा त्याच्या खोलीत ठेवला तर तो जास्त खूश होतो. सगळ्यांसाठी हे करत बसायचं नाही, वेड लागेल. महापौर, सेनापती, एखादा सतत चिडणारा डॉक्टर, असल्या चार-पाच जणांसाठी करा.

स्टेप ४: ठेवणं

बी, फर्निचर, पुतळा. टाइलवर क्लिक केलं की यादी येते, त्यात दगड आणि दर्जा बघून निवडा, घाईत क्लिक करू नका, नाहीतर गोडाऊनमधला सगळ्यात भिकार पुतळा जेवणघराच्या मधोमध येतो. चुकलं तर उभ्या पुतळ्यावर क्लिक करून काढायचं बटण आहे, पुतळा परत वस्तू होऊन मिळतो, दर्जा तसाच राहतो.

कुठं ठेवायचा नाही ते आधी.

एक टाइलच्या बोळात नाही, वाट बंद होते. दारासमोरच्या टाइलवर नाही. डेपोपासून, म्हणजे व्यापारी माल उतरवतात त्या जागेपासून, नकाशाच्या कडेपर्यंत जो गाड्यांचा तीन टाइलचा रस्ता, त्यात कुठंही नाही. डेपोवर क्लिक केल्यावर गाड्यांना वाट आहे की नाही ते कळतं, पुतळे बसवून झाले की एकदा बघून घ्या, मी बघितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. गेटात पुतळे पाहिजेच असतील तर रस्ता पाच टाइल करा, मग दोन्ही कडेला उभे करा आणि मधली तीन मोकळी ठेवा.

आता कुठं ठेवायचा. मुख्य जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर, कोपऱ्यात. जेवणघरात भिंतीकडेने, कारण मधोमध टेबलं. खानावळीत. दवाखान्यात, हे मी मनाने करतो, पडून राहिलेल्या बुटक्याला बघायला काहीतरी असावं म्हणून. विहिरीपाशी. कामाच्या वर्कशॉपांच्या मधल्या रस्त्यात. एक चांगला पुतळा वर्दळीच्या जागी ठेवलेला हा बंद खोलीतल्या दहांपेक्षा जास्त काम करतो, कारण त्याच्या शेजारनं शंभर बुटके रोज जातात.

पुतळ्यांची बाग पण करता येते. जुन्या आवृत्तीत पुतळ्यावरच बाग जाहीर करायची सोय होती, आता झेड दाबून मीटिंग एरिया आखायचा आणि त्यात पुतळे ठेवायचे, रिकामे बुटके तिथं येऊन गप्पा मारत बसतात. जागा किल्ल्याच्या आत ठेवा. मी एकदा हौसेने बाहेर, ओढ्याकाठी, झाडाखाली केली. छान वाटत होतं. गोब्लिनांची धाड आली तेव्हा बारा रिकामटेकडे बुटके त्या बागेत होते, आणि पूल उचलायचा की त्यांच्यासाठी थांबायचं हे ठरवायला माझ्याकडं दहा सेकंद होते. पूल उचलला.

स्टेप ५: खोलीची किंमत

या गेममध्ये खोलीला मोल असतं. त्यात काय काय धरलं जातं, तर आतलं फर्निचर, घासून गुळगुळीत केलेल्या भिंती, कोरीव काम. आणि सगळ्यात झटपट मोल चढवतो तो पुतळा, कारण तो कुठंही बसतो आणि एका टाइलला सगळ्यात जास्त किंमत देतो.

हे कोणासाठी? सरदार-उमराव, महापौर, हे लोक हक्काने मागतात. यांना कचेरी पाहिजे, जेवणाची खोली पाहिजे, झोपायची खोली पाहिजे आणि काहींना जिवंतपणीच थडगं पाहिजे, आणि प्रत्येकाची पातळी ठरलेली. अगदी वरची राजेशाही पातळी 10000 ला लागते. साध्या दगडाच्या मास्टरवर्क पुतळ्यांनीच गाठायचं तर तेहतीस-चौतीस पुतळे लागतील, म्हणून तिथं सोन्याचा एक, नाहीतर चांदी-लोखंडाचे तीन-चार, आणि भिंतींवर कोरीव काम. चांदी आणि लोखंड दोन्हीचा गुणक 10, म्हणजे मास्टरवर्क पुतळा 3000. लोखंड तलवारींना ठेवा, चांदी वापरा.

हे सगळे हिशोब ढोबळ धरा. दोन खोल्यांचे झोन एकमेकांवर आले तर दोघांची किंमत कमी होते, तेव्हा एकाच पुतळ्यावर दोन सरदारांचं भागवायची आयडिया चालत नाही. मी केली होती, दोघेही चिडले.

महापौरांबद्दल अजून एक. महापौराला पुतळे ही वस्तू आवडत असेल तर तो अधूनमधून हुकूम काढतो, इतके पुतळे करा, किंवा पुतळे बाहेर विकायला बंदी. हुकूम वाचत जावा. बंदी असताना डेपोवर पुतळा विकला तर शिक्षा तुम्हाला नाही, कुठल्यातरी गरीब बुटक्याला होते, त्याला साखळीला बांधतात नाहीतर मारतात. आपण माल विकला आणि कोपऱ्यात कोणीतरी मार खातोय, हे पहिल्यांदा झालं तेव्हा मला कळलंच नव्हतं की हे माझ्यामुळं.

देऊळ

मराठीत आपण देवळात असते ती मूर्ती म्हणतो आणि चौकात असतो तो पुतळा. या गेमला हा फरक माहीत नाही, एकच वस्तू, तीच चौकात ठेवा नाहीतर देवळात. प्राणप्रतिष्ठा वगैरे काही नाही. ठेवली की झालं.

देऊळ करायचं असं: झेड, मीटिंग एरिया आखा, मग त्याला लोकेशन लावायचं बटण, त्यात टेंपल, आणि देव निवडा, नाहीतर सगळ्यांसाठी एक मोकळं ठेवा. सुरुवातीला सगळ्यांसाठीचं एकच करा, बुटक्यांचे देव इतके असतात की प्रत्येकाला वेगळं करत बसलात तर किल्ला राहील बाजूला. नंतर एखाद्या पंथाची माणसं वाढली की ते अर्ज घेऊन येतात, आम्हाला आमचं देऊळ पाहिजे. तेव्हा मोल 2000 लागतं, आणि त्याच्यावरचं मोठं देवस्थान मागितलं तर 10000. कारागिरांच्या संघांच्या सभागृहाला पण हेच दोन आकडे.

दोन हजाराला साध्या दगडाचे मास्टरवर्क पुतळे सात पुरतात. चौपट दर्जाचे असतील तर वीस. आता वीस पुतळे एका छोट्या देवळात बसवले की नाचायला जागाच राहत नाही, आणि देवळात भक्त नाचतात, त्यांना मोकळी फरशी लागते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, ते जुनं जैन देऊळ, बघितली असेल तर आठवा, काळ्या दगडाचं सगळं काम, छताला ते दगडी कमळ, आणि मधला मंडप मोकळा. तसं करा. पुतळे भिंतीला, कोपऱ्यात, खांबांच्या जागी, मधली फरशी घासून कोरून घ्या आणि मोकळी सोडा. कोरलेली फरशी पण किमतीत धरली जाते आणि तिच्यावर नाचता पण येतं.

देवळातला पुतळा पाडू नये. हे श्रद्धा म्हणून नाही, नियम म्हणून सांगतोय. अॅडव्हेंचर मोडमध्ये एकटा वीर घेऊन फिरता येतं, तिथं कुठल्या देवळात जाऊन पुतळा ढकलून पाडला तर तो देव शाप देतो आणि तुमचा वीर व्हॅम्पायर होतो नाहीतर पौर्णिमेला जनावर होणारा प्राणी. काही लोक मुद्दाम पाडतात. त्यांचं ते बघतील.

चुकतात त्या गोष्टी

भूत. बुटका मेला आणि प्रेत सापडलं नाही, नीट पुरला गेला नाही, तर काही दिवसांनी भूत होऊन फिरतो. नवीन लोक त्याचा पुतळा करतात, भावना चांगली आहे पण भूत जात नाही. त्याला स्लॅब लागतो, म्हणजे स्मारकशिला. ती दगडाच्या वर्कशॉपमध्ये होते, मग हस्तकलेच्या वर्कशॉपमध्ये तिच्यावर त्याचं नाव कोरायचं, मग ती उभी करायची. पुतळा आणि स्मारकशिला दोन वेगळ्या वस्तू. माझ्या एका किल्ल्यात एका भुताचे तीन पुतळे होते आणि ते भूत त्या तिन्ही पुतळ्यांभोवती फिरून लोकांना घाबरवत होतं.

चिडलेला बुटका. फारच दुःखात गेला की तो तोडफोड करतो, त्यात पुतळे पण आडवे करतो. आणि ज्याचं मास्टरवर्क काम नष्ट होतं त्या कारागिराला त्याचं मोठं दुःख होतं, मग तो पण चिडतो. हे असं पसरत जातं. तेव्हा दुःखी लोकांवर नजर ठेवा, पुतळे त्यासाठीच तर आहेत.

ट्रोल. गोब्लिनांच्या धाडीबरोबर ट्रोल येतात, आणि दारं, फर्निचर, पुतळे असलं उभं केलेलं पाडणं हे त्यांचं कामच. खंदकाच्या बाहेर तुमचा मास्टरवर्क संगमरवरी पुतळा असेल तर तो गेला म्हणून समजा, आणि मागनं पाथरवटाचं मन पण गेलं. बाहेर काही ठेवायचंच असेल तर नवशिक्याने केलेला पंचवीस किमतीचा ठेवा. काही लोक असले फालतू पुतळे मुद्दाम सापळ्यांच्या पलीकडं ठेवतात, ट्रोल पाडायच्या नादात सापळ्यात येतात. माझ्याकडं दोनदा जमलं, तिसऱ्यांदा सगळे दुसऱ्याच वाटेने आले.

झपाटलेला कारागीर. किल्ल्यात वीस माणसं झाली की कधीतरी एखादा बुटका अचानक वर्कशॉप बळकावून बसतो आणि विचित्र वस्तू मागतो, ते दिलं तर एक अजरामर कलाकृती करतो, नाही दिलं तर वेडा होतो. ती कलाकृती कधी पुतळाच निघते, किंमत साध्याच्या 120 पट. ती पण बी दाबून नेहमीसारखीच उभी करायची. जेवणघरात ठेवा, आणि तिथंच ठेवा, मी एकदा खजिन्याच्या खोलीत कुलूप लावून ठेवली, कोणी बघितलीच नाही, काय उपयोग.

आणि करंट. आमच्याकडं पावसात करंट कधी जाईल सांगता येत नाही, जुन्या पीसीला यूपीएस नाही, आणि एका संध्याकाळी अख्खं देऊळ बसवलेलं गेलं. सेटिंगमध्ये ऑटोसेव्ह आहे, ते प्रत्येक ऋतूला होईल असं लावून ठेवा.

माझं गेट आता पाच टाइलचं आहे, खंदकाच्या आत. पुढच्या शरदात तीन गाड्या आल्या, मित्राला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने नुसता अंगठा दाखवला. उजव्या कडेला पहिल्या सातांपैकी एकीचा पुतळा आहे, ती खोदकाम करत होती आणि पहिल्याच हिवाळ्यात गेली. डाव्या कडेला काही नाही. कारण या जगात ब्राँझचा कोलॉसस नावाचा एक राक्षस फिरतो, सगळा धातूचा, आणि तो मारला गेला की त्याच्या जागी ब्राँझचा पुतळा पडतो. तो उचलून उभा करता येतो. माझ्याकडं तो अजून आलेला नाही, आला तर बहुतेक किल्लाच बुडेल. पण डाव्या कडेची ती एक टाइल मी त्याच्यासाठी मोकळी ठेवलीय.